घड्याळ चुकलंय हे कळलं, पण कितीने? लिनक्सवरच्या वेळेच्या दुखण्याचं निदान

दर वर्षी ऑगस्ट लागला की मला एक फोन ठरलेला. “झिला, पावतेर परत भलतीच तारीख इली.” फोन करणाऱ्या काकांचा आमच्या बंदराजवळ बर्फाचा कारखाना आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या किनाऱ्यावर झावळ्यांखाली झाकलेल्या, बर्फाला गिऱ्हाईक नाही, कारखान्याला कुलूप. बंदी उठायच्या आदल्या रात्री लाद्या भरायला टेम्पोंची रांग लागते, आणि नेमक्या त्याच रात्री वजनकाट्याशेजारचा लिनक्सवाला पीसी पावतीवर कुठल्यातरी जुन्या वर्षाची तारीख छापतो.

पहिल्या वर्षी मी तेच केलं जे सगळे करतात. डेट कमांडने हाताने वेळ लावली, चहा घेतला, घरी आलो. दुसऱ्या वर्षी पुन्हा फोन. तेव्हा मदरबोर्डवरचा सेल बदलला आणि आता झालं म्हणून निघालो. चार दिवसांनी पुन्हा फोन. तिसऱ्या वर्षी बर्फाच्या टाकीचं तापमान नोंदवायला बसवलेल्या रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरचं घड्याळ चुकायला लागलं. काकांची तक्रार प्रत्येक वेळी शब्दन्‌शब्द तीच होती, “घड्याळ चुकलां.” दुखणी मात्र तीन होती, आणि मी तिन्हींवर एकच काढा पाजत होतो.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली. चुकलेलं घड्याळ दिसलं की ते लगेच बरोबर करायचं नाही. मोबाइलशेजारी धरून फरक किती आहे ते आधी वहीत लिहायचं. पुढे की मागे, तास, मिनिटं, सेकंद. त्या आकड्यात अर्धं निदान असतं, आणि हाताने वेळ लावली की सगळ्यात आधी तोच पुरावा पुसला जातो.

(कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लहान अक्षरांत, न तोडता टाइप करायची.)

मशीन एक, घड्याळं दोन

पीसीत दोन घड्याळं असतात हे बऱ्याच जणांच्या लक्षात नसतं. एक मदरबोर्डवरचं, आरटीसी. त्यात ३२,७६८ हर्ट्झचा एक छोटा स्फटिक असतो आणि पीसी बंद असताना नाण्याएवढ्या सेलवर ते चालतं. हा आकडा उगाच निवडलेला नाही. दोनाचा पंधरावा घात म्हणजे ३२,७६८, त्यामुळे पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर एका सेकंदाला एक ठोका मिळतो. मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळातही हाच स्फटिक असतो.

दुसरं घड्याळ कर्नेलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं. पीसी सुरू होताना कर्नेल आरटीसीकडून एकदा वेळ विचारून घेतो आणि मग स्वतःच्या हिशेबाने मोजत राहतो. डेट कमांड दाखवते ती ही वेळ. पावतीवर छापली जाते तीही हीच. नेट असेल तर एनटीपी या नेटवरून वेळ जुळवायच्या पद्धतीने बाहेरच्या सर्व्हरशी ताळा घेऊन हे घड्याळ सुधारलं जातं, आणि सुधारलेली वेळ कर्नेल साधारण दर ११ मिनिटांनी आरटीसीत परत लिहितो.

म्हणजे वेळ एका हातातून दुसऱ्या हातात जाते. सेलकडून आरटीसी, आरटीसीकडून कर्नेल, नेटवरून कर्नेल, कर्नेलकडून परत आरटीसी. यातला कुठला हात सुटला ते शोधायचं, एवढंच काम आहे.

पहिली कमांड टाइमडेटसीटीएल. पुढे काहीही न जोडता नुसती चालवा. ती स्थानिक वेळ, जागतिक वेळ म्हणजे यूटीसी, आणि आरटीसीची वेळ एकाखाली एक दाखवते. त्याखाली टाइमझोन, घड्याळ जुळलेलं आहे की नाही, एनटीपी सेवा चालू आहे का, आणि आरटीसी स्थानिक वेळेवर ठेवलंय का, अशा चार ओळी येतात. या सगळ्याचा फोटो काढून ठेवा. माझ्याकडे येणारी निम्मी प्रकरणं या फोटोवरच सुटतात.

फरक बरोबर साडेपाच तासांचा

हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त छळणारा प्रकार. घड्याळ ५ तास ३० मिनिटं पुढे किंवा मागे असेल आणि मिनिटं तंतोतंत जुळत असतील, तर सेलला, नेटला, कुणालाच दोष देऊ नका. कुणीतरी यूटीसी आणि आपली भारतीय वेळ यांत गल्लत केलीय.

डेट कमांडला डॅश यू जोडून यूटीसी बघा. ते बरोबर असेल तर घड्याळ ठणठणीत आहे, फक्त टाइमझोन चुकलाय. इन्स्टॉल करताना टाइमझोन यूटीसीवरच राहिला की स्थानिक वेळ साडेपाच तास मागे दिसते. टाइमडेटसीटीएलला सेट-टाइमझोन देऊन पुढे एशिया, तिरकी रेघ, कोलकाता लिहा. संपलं. इथे घाबरून डेटने वेळ पुढे ढकलली तर बरोबर असलेलं यूटीसी बिघडतं, आणि मग खरंच आजारी घड्याळ हातात येतं. असं करणारे मी बघितले आहेत. एकदा मीही केलं आहे.

यूटीसीच चुकलं असेल आणि घड्याळ साडेपाच तास पुढे असेल, तर त्या पीसीवर विंडोजही आहे का ते विचारा. काकांकडे दुसऱ्या वर्षी हेच झालं होतं. सेल बदलून मी परतलो. हिशेबनीस दर शनिवारी हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी तोच पीसी विंडोजमध्ये सुरू करायचा. विंडोज आरटीसीत स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स तिथे यूटीसी आहे असं धरून चालतं. विंडोजने सकाळचे १० लिहिले की लिनक्सला ते यूटीसीचे १० वाटतात आणि पावतीवर दुपारचे साडेतीन येतात. मग नेट जुळलं की लिनक्स वेळ सुधारून आरटीसीत पहाटेचे साडेचार लिहितं, आणि पुढच्या शनिवारी हिशेबनीस म्हणतो विंडोजच मागे पडलंय. दोघेही आपापल्या जागी बरोबर. दोन जावा एकाच चुलीवर वेगवेगळ्या वेळी आधण ठेवतात, तसला प्रकार.

उपाय दोन आहेत. विंडोजच्या रजिस्ट्रीत रिअलटाइमइजयुनिव्हर्सल नावाची नोंद घालून त्याला यूटीसीवर आणायचं, किंवा टाइमडेटसीटीएलला सेट-लोकल-आरटीसी १ देऊन लिनक्सला विंडोजच्या पद्धतीने वागवायचं. मी पहिलाच सुचवतो. दुसरा केला की टाइमडेटसीटीएल स्वतःच इशारा छापतं, आणि तो इशारा खोटा नाही. आरटीसी कुठल्या वेळेवर आहे याची नोंद ईटीसी फोल्डरमधल्या ॲडजटाइम फाइलच्या तिसऱ्या ओळीत असते, तिथे यूटीसी किंवा लोकल यांपैकी एक शब्द दिसेल.

कामाला उपयोग नसलेली एक गंमत. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेची. मालवण त्याच्या बरंच पश्चिमेला, साडेत्र्याहत्तर अंशांच्या आसपास. त्यामुळे आमच्याकडे सूर्य डोक्यावर येतो तो सरासरी १२ वाजून ३६ मिनिटांनी. मुंबईने तर १९०६ नंतरही आपली वेगळी वेळ सोडली नव्हती, ती या प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती. तेव्हा लिनक्स असतं तर काय गोंधळ झाला असता, देव जाणे.

जुनीच तारीख, आणि तीही पुन्हा पुन्हा

घड्याळ काही महिने किंवा वर्षं मागे गेलं असेल, तर आरटीसीची स्मृती गेली आहे. पहिल्या वर्षीचं काकांचं दुखणं हेच.

पूर्वी अशा वेळी १ जानेवारी १९७०, पहाटेचे साडेपाच अशी तारीख दिसायची. युनिक्स आणि लिनक्स जिथून वेळ मोजतात ते शून्य आपल्या वेळेत पहाटे साडेपाचला येतं, म्हणून. आता सिस्टमडी, म्हणजे सगळ्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम, असलेल्या मशीनवर ती क्वचित दिसते. घड्याळ फारच मागे आहे असं दिसलं की सिस्टमडी ते आपण तयार झालो त्या तारखेपर्यंत तरी पुढे आणतो, आणि टाइमसिंकडी ही त्याची वेळ जुळवणारी सेवा चालू असेल तर शेवटी जतन केलेल्या वेळेपर्यंत. त्यामुळे मेलेल्या सेलचा पीसी १९७० न दाखवता दीड-दोन वर्षांपूर्वीची एखादी साधीसुधी तारीख दाखवतो, आणि माणूस फसतो. तारीख अगदीच अशक्य वाटत नाही ना. पावत्या छापत राहतात.

खात्री करायची तर एचडब्ल्यूक्लॉकला डॅश आर देऊन आरटीसीची वेळ वाचा. नेटवर वेळ जुळू द्या. डॅश डब्ल्यू देऊन ती आरटीसीत लिहा. आता पीसी बंद करा आणि भिंतीवरचं बटणही बंद करा. हे दुसरं बटण महत्त्वाचं. नुसतं शटडाउन केलं तर वीजपुरवठ्यातून मदरबोर्डला थोडी वीज मिळतच राहते आणि आरटीसी त्या विजेवर मजेत चालतं, सेल मेलेला असला तरी. दहा मिनिटांनी चालू करून, नेटची वायर काढलेली ठेवून, पुन्हा डॅश आर.

आपल्याकडचं हे दुखणं पावसाळीच का, याचं उत्तर या बटणात आहे. शहरातला पीसी वर्षभर प्लगला असतो, त्याच्या सेलला काम नसतं. कोकणात विजा चमकायला लागल्या की आधी मेन स्विच खाली येतो. कारखान्यात तर मे महिन्याच्या शेवटी मेन खाली पाडतात ते थेट जुलै संपताना वर करतात. ६१ दिवस आरटीसी निव्वळ त्या सेलवर. त्यात खारी, दमट हवा. काकांच्या पीसीचा सेल काढला तेव्हा त्याची खालची पत्ती हिरवट पडली होती आणि वरच्या पकडीवर पांढरा थर होता. सेल मल्टिमीटरवर २.९ व्होल्ट दाखवत होता, म्हणजे बराच बरा होता. बिघडला होता तो स्पर्श.

त्यामुळे सेल बदलताना जागाही साफ करा. पेन्सिलच्या खोडरबराने पत्ती घासा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा, वाळू द्या. सेल सीआर२०३२, नवा साधारण ३ व्होल्टचा. अडीचच्या खाली आलेला टाकून द्या. टपरीवरचा सुटा सेल घेऊ नका, पाकिटातला घ्या. सुटे सेल एकमेकांना घासून आधीच अर्धे संपलेले असतात. बदलताना बोटांचा घामही पुसून घ्या.

काही सेकंद किंवा मिनिटं, आणि रोज वाढणारा फरक

हा बिघाडच नव्हे. स्फटिकाचा स्वभाव आहे. साध्या स्फटिकाची चूक दहा लाखांत वीसपर्यंत असते, म्हणजे दिवसाला जवळजवळ पावणेदोन सेकंद. ६१ दिवस बंद राहिलेल्या पीसीचं आरटीसी त्या हिशेबाने १ मिनिट ४५ सेकंदांपर्यंत सहज सरकतं. त्यात हे स्फटिक साधारण २५ अंशांवर सगळ्यात नीट चालतात. त्याहून गरम किंवा थंड, दोन्हीकडे ते मागेच पडतात. पत्र्याच्या छपराखालच्या ४५ अंशांत दिवसाला आणखी सेकंदभर जातो.

पीसी चालू असताना, नेट असताना, फरक रोज वाढत असेल तर मात्र एनटीपी आपलं काम करत नाही. आता तिकडे बघायचं.

सेवा चालू आहे, तरी घड्याळ जुळत नाही

टाइमडेटसीटीएलमध्ये एनटीपी सेवा चालू दिसते पण घड्याळ जुळलेलं नाही अशी ओळ येते, तेव्हा क्रोनी हा वेळ जुळवणारा प्रोग्राम वापरत असाल तर क्रोनीसी सोर्सेस चालवा. टाइमसिंकडी असेल तर टाइमडेटसीटीएल टाइमसिंक-स्टेटस. मला क्रोनी जास्त आवडतो. टाइमसिंकडी वाईट नाही, पण तो एका वेळी एकाच सर्व्हरचं ऐकतो. नेट जात-येत असेल तिथे क्रोनी जास्त समजूतदार वागतो.

क्रोनीसी सोर्सेसमध्ये प्रत्येक सर्व्हरच्या नावाआधी एक खूण असते. तारा म्हणजे सध्या याच्यावर घड्याळ जुळवलंय. अधिक म्हणजे हाही चांगला, हिशेबात धरलाय. प्रश्नचिन्ह म्हणजे याच्याकडून काही येत नाही किंवा आलेलं वापरण्यासारखं नाही. एक्स म्हणजे हा बाकीच्यांपेक्षा वेगळीच वेळ सांगतोय, खोटारडा. पुढे रीच नावाचा स्तंभ असतो. ती टक्केवारी नाही, आठाच्या पायावरची संख्या आहे. शेवटच्या आठही विचारण्यांना उत्तर आलं तर ३७७, एकालाही नाही आलं तर ०. ३७७ बघून ‘शंभराच्या वर कसं?’ म्हणून चक्रावणारे बरेच असतात.

सगळीकडे प्रश्नचिन्ह आणि रीच ०, पण ब्राउझर मजेत चालतोय? मग वाटेत कुणीतरी यूडीपीचा, म्हणजे नेटवर माहिती पाठवायच्या एका पद्धतीचा, १२३ क्रमांकाचा दरवाजा बंद केलाय. एनटीपी त्याच दरवाजाने जातं. रास्पबेरी पायच्या वेळी हेच झालं होतं. कारखान्यात नवं ब्रॉडबँड आलं, नवा राउटर आला, आणि राउटरच्या फायरवॉलमध्ये यूडीपी १२३ अडवलेलं होतं. खात्री करायला मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पाय जोडला, वीस सेकंदांत तारा आला. दुसरा रस्ता म्हणजे क्रोनी सेवा थांबवून क्रोनीडीला डॅश मोठा क्यू आणि सर्व्हरची ओळ देऊन चालवणं. तो घड्याळाला हात न लावता नुसता फरक सांगतो. इथेही तेच, आधी फरक.

सर्व्हरच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या डीएनएसचाही एक गमतीदार फास आहे. घड्याळ फार मागे असेल तर उत्तर खरं आहे हे सांगणाऱ्या डीएनएससेकच्या सह्या अजून लागू नाहीत असं ठरतं, सर्व्हरचं नाव सापडत नाही, आणि नाव सापडत नाही म्हणून घड्याळ सुधारत नाही. चावी घरात आणि घर कुलपात. वेबसाइटचे दाखलेही तसेच नाकारले जातात. अशा वेळी मात्र डेटने हाताने जवळपासची वेळ लावून फास तोडावा लागतो. डेबियन किंवा उबुंटूवर एपीटी अपडेट करताना ‘ही फाइल अजून लागू झालेली नाही, आणखी इतके तास, इतकी मिनिटं’ अशी चूक दिसली तर ती नीट वाचा. घड्याळ किमान किती मागे आहे ते एपीटीने न विचारता सांगून टाकलंय.

सर्व्हर कुठला? साधारण वापराला डिस्ट्रोने दिलेला सर्व्हरांचा पूल पुरे. भारतीय प्रमाणवेळ राखण्याचं काम दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे आहे, आणि तिचा एनटीपी सर्व्हर टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी या नावाने मिळतो. मी तो आणि पूलमधले तीन, असे चार ठेवतो. दोनच ठेवले आणि दोघांत भांडण झालं, तर खोटं कोण ते क्रोनीला ठरवता येत नाही.

तारा आहे, सगळं बरोबर आहे, तरी घड्याळ अजून चुकीचंच दिसतंय, असंही होतं. क्रोनीसी ट्रॅकिंग बघा. त्यातली सिस्टम टाइमची ओळ एनटीपीपेक्षा किती सेकंद मागे किंवा पुढे ते सांगते. क्रोनीच्या सेटिंगमध्ये मेकस्टेप १ ३ अशी ओळ बहुतेक वेळा असते. अर्थ असा, की सुरुवातीच्या तीन सुधारणांत फरक एक सेकंदापेक्षा जास्त असेल तर उडी मार, नंतर मारू नकोस. नंतर कधी घड्याळ भरकटलं तर क्रोनी ते हळूहळू सरकवत नेतो, मुळातल्या मर्यादेत तासाला पाच मिनिटं. साडेपाच तासांची चूक अशी भरून काढायला ६६ तास लागतात, पावणेतीन दिवस. क्रोनी बिघडला असं समजून लोक तो काढून टाकतात, तेव्हा बिचारा रस्त्यातच असतो. क्रोनीसी मेकस्टेप एवढंच म्हटलं तर तो तिथल्या तिथे उडी मारतो. जुना एनटीपीडी तर १,००० सेकंदांहून जास्त फरक दिसला की जुळवायचंच नाकारून बंद पडतो, त्याला डॅश जी देऊन समजवावं लागतं.

घड्याळ पुढे-मागे झोके खात असेल तर एकाच मशीनवर दोन सेवा भांडत आहेत. टाइमसिंकडी आणि क्रोनीडी दोन्ही चालू, किंवा आभासी मशीनमध्ये बाहेरच्या यजमानाची साधनंही वेळ लावतायत आणि आत क्रोनीही. एकच ठेवा.

कर्नेलच्या नोंदीत, म्हणजे डीमेसेजमध्ये, टीएससी, म्हणजे प्रोसेसरमधला मोजणारा काउंटर, अस्थिर ठरवल्याची ओळ दिसली तर कर्नेलचा मोजण्याचा आधारच बदललेला असतो. जुन्या मदरबोर्डवर बायोस अपडेटने फरक पडतो, नाही पडला तर क्रोनी बहुतेक सांभाळून घेतो. यापेक्षा खोलात जायची मला आजवर गरज पडलेली नाही.

पायला घड्याळच नसतं

रास्पबेरी पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर आरटीसी नाही. पाय ५ वर आहे, पण सेल वेगळा जोडावा लागतो. बाकीचे पाय शेवटची वेळ फाइलमध्ये लिहून ठेवतात आणि चालू झाल्यावर तिथून पुढे मोजायला लागतात. रात्री दोनला वीज गेली, पहाटे सहाला आली, तर पायच्या लेखी मधले चार तास झालेच नाहीत. म्हणजे वहीतला फरक वीज गेलेल्या वेळेइतका, किंवा शेवटच्या नोंदीपासून धरला तर तासभरापर्यंत जास्त येतो. हा आकडा जुळला की दुसरं काही शोधू नका.

टाकीच्या तापमानाच्या आलेखात तो फरक फार वाईट दिसतो. नेट आलं की घड्याळ चार तास पुढे उडी मारतं, आणि वीज आल्यावर टाकी किती तापली होती, हाच नेमका प्रश्न असलेल्या नोंदी चुकीच्या तासाला लागलेल्या असतात.

उपाय डीएस३२३१. शंभर-दोनशे रुपयांच्या आसपास मिळणारी, बाहेरून जोडायच्या आरटीसीची छोटी चकती, पायच्या आयटूसी या जोडणीवर ६८ या षोडशमान पत्त्यावर बसते. यात तापमानाप्रमाणे चूक सुधारायची सोय चिपमध्येच आहे, शून्य ते चाळीस अंशांत दहा लाखांत दोन एवढीच चूक, वर्षाला मिनिटभर. स्वस्त म्हणून डीएस१३०७ घेऊ नका, त्यात ही सोय नाही, त्याच्याने पीसीचाच खेळ परत सुरू होतो. कॉन्फिग फाइलमध्ये आयटूसी-आरटीसीचा ओव्हरले डीएस३२३१ म्हणून लिहा, वेळ फाइलमध्ये लिहून ठेवणारा फेक-एचडब्ल्यूक्लॉक असेल तर काढून टाका. आणि चकती घरी आणल्यावर उष्णतेने आकसणाऱ्या प्लास्टिकच्या नळीत बंद करा, फक्त सेल बदलायची बाजू उघडी. मीठ सगळीकडे पोचतं.

तरी पावती चुकीचीच का आली

सेल नवा, विंडोज ताळ्यावर, दरवाजा उघडा. एवढं करूनही एकदा वीज आल्यावरच्या पहिल्या सहा पावत्यांवर पावणेदोन मिनिटं पुढची वेळ आली. काकांना त्याचं काही नाही, पण एका पावतीची वेळ तिच्या आधीच्या पावतीपेक्षा लवकरची निघाली आणि हिशेबनिसाचं सॉफ्टवेअर अडून बसलं.

कारण सोपं होतं. वीज आली की पीसी चाळीस सेकंदांत तयार होतो, राउटरला नेट यायला तीन मिनिटं लागतात. मधल्या वेळात पावतीचा प्रोग्राम आरटीसीच्या वेळेवर छापत असतो, आणि मग क्रोनी पुढे सरकलेलं घड्याळ मागे उडवतो तेव्हा सातवी पावती सहावीच्या आधीची ठरते. आरटीसी मागे पडलेलं असतं तर उडी उलटी, पुढे.

पावतीच्या सेवेच्या युनिट फाइलमध्ये आफ्टर म्हणून टाइम-सिंक डॉट टार्गेट लिहिलं. नुसतं तेवढं पुरत नाही, घड्याळ जुळेपर्यंत थांबवणारी सेवाही चालू करावी लागते. सिस्टमडीची टाइम-वेट-सिंक जुळेपर्यंत थांबतेच, कितीही वेळ लागो. वादळात दोन दिवस नेट नसेल तर दोन दिवस पावती नाही. असला उपाय बंदरावर चालायचा नाही. क्रोनीची वेट सेवा तीन मिनिटं वाट बघते आणि मग सोडून देते, म्हणून ती घेतली.

शेवटी अजून एक केलं, आणि खरं तर ते आधी करायला हवं होतं. पीसीच्या क्रोनीला अलाउ देऊन कारखान्यातल्या बाकीच्या मशीनना वेळ द्यायला लावलं, आणि लोकल स्ट्रेटम १० लिहिलं, म्हणजे बाहेरचं नेट गेलं तरी तो आतल्यांना वेळ देत राहतो. पाय आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आता त्याच्याशी जुळतात. नेट नसताना सगळे मिळून दहा सेकंद चुकले तरी चालतं. टेम्पो कॅमेऱ्यात ११ वाजून ४ मिनिटांनी आणि पावतीवर ११ वाजून ९ मिनिटांनी, हे चालत नाही, कारण भांडणं त्यावरून होतात.

एक मित्र म्हणाला जीपीएस लाव, होड्यांवर सगळ्यांकडे असतोच. लावता येतो, छान चालतो. पण होडीवरून उतरवलेला जुना रिसीव्हर जोडायच्या आधी त्याची तारीख बघा. जीपीएस आठवडे १,०२४ पर्यंत मोजून पुन्हा शून्यावर येतं, शेवटचं तसं ६ एप्रिल २०१९ ला झालं. जुन्या फर्मवेअरचा रिसीव्हर वेळ सेकंदापर्यंत बरोबर सांगतो आणि तारीख १९ वर्षं साडेसात महिने जुनी. वहीत हा फरक आला तर सेल, नेट, विंडोज काही बघू नका.

यंदा बंदी उठायच्या आदल्या दिवशी मी फोनची वाट न बघता गेलो. मेन वर केला, नेटची वायर काढलेली ठेवली, आणि आधी फरक लिहिला. पीसी १ मिनिट २० सेकंद मागे, पाय ४ सेकंद पुढे. वायर जोडली. काका म्हणाले, “मगे काय केलंस तू? काय्येक तर केलंस नाय.” चहा मात्र दिला.